ॲक्सलचं वाक्य

मला दिवसाचे आठशे मिळायचे, चहा वेगळा.
काम एवढंच : इकडचं तिकडे न्यायचं, तिकडचं इकडे,
मध्ये सांडू द्यायचं नाही.

पर्वतीच्या पायथ्याला, कालव्याच्या अंगाला,
बालवाडीच्या पत्र्याखाली खुर्च्या सात, माणसं चाळीस.
उत्तर समुद्राकाठच्या कुठल्याशा गावाहून
सहाजण आलेले, सहा आठवड्यांसाठी,
रंगाचे डबे घेऊन.
भिंतीवर गेल्या खेपेचा जिराफ होता,
त्याच्या पोटात त्याआधीच्यांचं इंद्रधनुष्य,
पोपडा उडाला की दिसायचं.

त्यांनी करारपत्र वाचलं.
एका शब्दापाशी मी अडले.
सहकार्य म्हणू? सहभाग?
सरकारी फलकासारखं वाटेल,
म्हणून म्हटलं, भागीदारी.

झुंबरबाई खवळे तंबाखू मळता मळता थांबली.
"भागीदारी आमच्या मालकानं केलती," म्हणाली,
"टेंपोत. मार्केटयार्डाला कांदा वाहायचे.
नफा निम्मा निम्मा, समदं गोडीत.
ॲक्सल मोडला त्या दिशी भागीदार गावाला गेला,
त्यो अजून यायचाय.
इचार यांना, ॲक्सल मोडल्यावर कुठं असतील?"

बाया हसल्या.
सहा चेहरे माझ्याकडे वळले, गळ्यात झेंडूचे हार.
रानडे इन्स्टिट्यूटात चार वर्षं जर्मन शिकलेली मी,
ॲक्सलला शब्द येत होता.
म्हटलं, त्या म्हणतायत, स्वागत आहे.

इनेके नावाची एक, साठी उलटलेली,
माझ्याकडे बघत राहिली.
एवढ्या लांब बोलण्याचं एवढंसं भाषांतर?

तिचा जन्म गेला पाणीखात्यात, मीटर वाचण्यात.
दुसऱ्या दिवशी पहाटे साडेचारला
ती नळाच्या रांगेत. हातात बादली, खिशात वही.
अकरा मिनिटं, एक बादली.
बारा. अकरा.
सोमवारी नळ आलाच नाही, तेही लिहिलं.
रंगवायला गेलीच नाही ती.
बायांनी तिची इनाक्का करून टाकली.
मधे घुसलीस तर बघ, म्हणाल्या,
हे मात्र मी जसंच्या तसं सांगितलं.

वही घेऊन आम्ही पाचजणी वॉर्ड ऑफिसात.
साहेब म्हणाले, मॅडमना खुर्ची द्या.
मॅडमनी खुर्ची झुंबरबाईपुढे सरकवली.
ती बसली, पार कडेवर,
खुर्ची कुणी मागून ओढील अशी.
साहेब म्हणाले, "बघू."
या "बघू"चं जर्मन करायला मला पाच मिनिटं लागली.

मग इनाक्का गेली. वही राहिली.
आकडे आता झुंबरबाई काढते, तीन उलटा काढते.
महिन्याच्या महिन्याला पानाचा फोटो जातो,
तिकडून एक अंगठा येतो.

यंदा पत्र आलं.
त्यांच्या नगरपालिकेनं निधी थांबवलाय.
गावातला कारखाना बंद, पोहण्याचा तलाव बंद,
गट येणार नाही.
माफी तीनदा मागितली होती, तिन्ही वेळा वाचली मी,
एक शब्द गाळला नाही.
पत्र्यावरून मांजर गेलेलं ऐकू आलं.
झुंबरबाई म्हणाली,
"म्हंजी त्यांचा ॲक्सल मोडला."

शनिवारी भिशीच्या डब्यातून सहाशे चाळीस निघाले.
धाडून दे, म्हणाली.
लक्ष्मी रोडच्या बँकेतल्या पोरानं
आधी मला, मग चिल्लरीला पाहिलं.
"मदत? इकडून तिकडे?
तिकडून येते ना हो, मॅडम."
कारणाच्या रकान्यात काय लिहू, त्याला सुचेना.
भागीदारी लिहा, म्हटलं.
व्यवसाय कोणता, म्हणाला.

पैसे डब्यातच आहेत अजून.

काल रात्री मी ते वाक्य पाठवलं,
दोन वर्षं शिळं,
टेंपो आणि कांद्यासकट.
खाली लिहिलं, तेव्हा मी खोटं सांगितलं होतं.

उत्तर नाही.
पहाटे फोन वाजला तो झुंबरबाईचा, फोटो :
एक बादली, नऊ मिनिटं.
नवाचं शेपूट रेघेच्या खाली
पार पुढच्या ओळीपर्यंत गेलेलं.